अठरा हजारांची वायर आणि माझी डिग्री

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी एका एसी शोरूममध्ये मऊ सोफ्यावर बसून वायर या विषयावरचं प्रवचन वीस मिनिटं ऐकलं. वायरची लांबी दीड मीटर, किंमत अठरा हजार. आणि मी काय केलं? मान डोलावली. मधूनमधून "अच्छा, अच्छा" म्हटलं. निघताना चक्क "विचार करून कळवतो" असंही म्हणालो.

आता यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. दुकानात गेलं की माणूस मान डोलावतोच. पण मंडळी, मी ई अँड टीसीचा इंजिनियर आहे हो! चार वर्षं आईवडिलांच्या पैशाने मी नेमकं हेच शिकलोय: वायरमधून सिग्नल कसा जातो, त्याचं काय होतं, काय होत नाही. पुढे पोटापाण्यासाठी जावा लिहायला लागलो ही गोष्ट वेगळी. पण त्या सोफ्यावर बसताना मी माझी डिग्री चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती. ही पोस्ट त्या चपलांबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या घरी आजोबांच्या साठेक रेकॉर्ड्स आहेत. भीमसेन, कुमार, माणिक वर्मा, थोडं नाट्यसंगीत. आजोबांचा प्लेयर केव्हाच भंगारात गेला आणि रेकॉर्ड्स आजीच्या पलंगाखाली ट्रंकेत पडून राहिल्या. मी यंदा एका निवृत्त गृहस्थांकडून नऊ हजारांत एक जुनं जपानी टर्नटेबल घेतलं. घरी आणून लावलं, तर डाव्या स्पीकरमधून गाणं आणि उजव्यातून नुसतं "घूंऽऽऽ". आजीची आवडती जी एलपी लावली होती, तिच्यात तबला बराचसा उजव्या बाजूला आहे. आजी दोन मिनिटं ऐकत बसली आणि म्हणाली, "अरे, तबलजी आलाच नाही का?"

तर मी त्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या गृहस्थांनी लक्षणं ऐकून निदान केलं: केबल खराब आहे. (निदान अगदी बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो.) मग उपचार सुरू झाले. जुनी केबल आतून सोल्डर केलेली असते, ती काढून मागे सॉकेट बसवायचे, त्याचे वेगळे चार हजार. आणि त्या सॉकेटला ही अठरा हजारांची. ऑक्सिजन-फ्री तांबं, त्यावर चांदीचा मुलामा, आणि वायरवर छापलेले बाण, म्हणजे सिग्नलने कोणत्या दिशेला जायचं ते त्याला कळावं म्हणून. "हिच्यात साउंडस्टेज उघडतो सर," असं ते म्हणाले. मी मान डोलावली.

घरी येताना बसमध्ये डोकं ताळ्यावर आलं आणि राग आला. त्यांचा नाही, ते त्यांचं दुकान चालवत होते. माझाच.

आता मुद्द्याचं बोलू. टर्नटेबलची सिग्नल केबल ही खरोखरच नाजूक जागा आहे. "वायर म्हणजे वायर, कुठलीही लावा" असं म्हणणाऱ्यांच्या पंथातला मी नाही. माझ्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही कार्ट्रिज आहे. तिची सुई रेकॉर्डच्या खाचेत हलते, मॅग्नेट हलतो, कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. किती? ४ मिलिव्होल्ट. सीडी प्लेयरमधून साधारण २ व्होल्ट बाहेर पडतात, म्हणजे हे त्याच्या पाचशेवा हिस्सा. एवढासा सिग्नल घेऊन केबलला अॅम्प्लिफायरपर्यंत पोचायचं असतं.

बरं, नुसतं पोचून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर गाणं मावायचं नाही. वाजवताना फोनो प्रीअॅम्प ते परत उचलतो. १९५४ पासून याचं एक ठरलेलं प्रमाण आहे, आरआयएए नावाचं. या प्रमाणानुसार ५० हर्ट्झचा आवाज १ किलोहर्ट्झच्या मानाने १७ डेसिबल, म्हणजे सातपट जास्त मोठा केला जातो. आणि आपल्या घरातली वीज किती हर्ट्झची? पन्नास! म्हणजे भिंतीतल्या वायरिंगचा, फ्रिजच्या मोटरचा, ट्रान्सफॉर्मरचा जो काही कचरा केबलमध्ये शिरेल, त्याचं स्वागत प्रीअॅम्प सातपट उत्साहाने करणार. म्हणून या केबलला बाहेरून जाळीचं कवच लागतं, ते कुठे तुटलेलं चालत नाही, आणि टोनआर्मची अर्थची वायर वेगळी जोडावी लागते. माझ्या "घूंऽऽऽ"चं सगळं रहस्य एवढंच होतं. उजव्या केबलची जाळी तुटली होती. सिग्नलचा परतीचा रस्ताच बंद.

तेव्हा केबल महत्त्वाची आहे, यावर शोरूमवाल्यांचं आणि माझं एकमत आहे. भांडण पुढे आहे. ती चांगली कशाने होते?

खोक्यावर काय लिहिलंय ते एकेक करून बघू. ऑक्सिजन-फ्री तांबं. नेहमीच्या विजेच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता फार तर एखाद्या टक्क्याने जास्त असते. चांदीची तांब्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी. आता माझ्या कार्ट्रिजच्या कॉइलचा स्वतःचा रोध ४८५ ओम आणि पलीकडे प्रीअॅम्पचा ४७,००० ओम. या दोघांच्या मध्ये केबलचा रोध किती? एखादा ओम. त्या एका ओमचे सहा टक्के वाचवायला मी अठरा हजार द्यायचे! पुण्याहून मुंबईला जाताना प्रवास लवकर व्हावा म्हणून फाटकापासून गेटपर्यंतच्या वाटेवर संगमरवर घालण्यातला हा प्रकार आहे.

बाण. ऑडिओ सिग्नल हा एसी असतो. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करतो. त्याला बाण दाखवणं म्हणजे झोपाळ्याला वन-वेचा बोर्ड लावणं. हां, काही केबल्समध्ये बाहेरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला अर्थ आहे. पण हे कारण मला त्या वीस मिनिटांत कोणी सांगितलं नाही. "इलेक्ट्रॉन्सना सवय होते" असं सांगितलं.

आणि आता खरी गंमत. टर्नटेबलच्या केबलमध्ये एक गोष्ट अशी आहे की जिने आवाज खरंच बदलतो. कानाला कळेल इतका बदलतो. ती गोष्ट खोक्यावर कुठेच छापलेली नव्हती.

कॅपॅसिटन्स.

मधली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. सीडी प्लेयरला त्याने काडीचाही फरक पडत नाही. पण आमच्या कार्ट्रिजची कॉइल म्हणजे ५५० मिलिहेन्रीचं भलंमोठं इंडक्टन्स आहे. इंडक्टन्स आणि कपॅसिटर एकत्र आले की काय होतं? रेझोनन्स. बारावीच्या पोरालाही येतं हे. म्हणून तर कार्ट्रिजची कंपनी स्वतः सांगते की एकूण कॅपॅसिटन्स १०० ते २०० पिकोफॅरडमध्ये ठेवा. त्यात केबल आली, टोनआर्ममधल्या बारीक तारा आल्या, प्रीअॅम्पचा स्वतःचा कॅपॅसिटन्स आला.

ऑफिसातल्या एका मित्राकडे अशीच एक महागडी केबल आहे. त्याला चहा पाजून ती एक दिवस मागून आणली आणि एलसीआर मीटरला लावली. दीड मीटरला ३४० पिकोफॅरड. माझ्या टोनआर्मचे अंदाजे २० आणि प्रीअॅम्पचे १०० धरले तर एकूण ४६०. कंपनीने सांगितलेल्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त! गणित केलं तर रेझोनन्स येतो १० किलोहर्ट्झवर, आणि ४७ किलोओमचा लोड धरून साध्या मॉडेलप्रमाणे साडेआठ किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबलचा उंचवटा. त्याच्यापुढे आवाज धपकन खाली.

हे आकडे मी मित्राला दाखवले तर तो म्हणाला, "पण मला खरंच फरक ऐकू येतो रे. झांजा, तंबोऱ्याची जवारी, सगळं चमकतं." अरे, येणारच ऐकू! तुझे कान अगदी शाबूत आहेत. तू तीन डेसिबलचा उंचवटा ऐकतोयस. दुकानदाराने त्याला "डिटेल" असं नाव दिलं आणि त्याचं श्रेय चांदीला दिलं. तोच परिणाम हवा असेल तर साध्या केबलला दोन रुपयांचा कपॅसिटर लाव. नाहीतर ट्रेबलचं बटण थोडं फिरव, ते तर फुकट आहे.

म्हणून "सगळे ऑडिओफाइल मूर्ख असतात" असं म्हणणाऱ्या माझ्या इंजिनियर बांधवांशीही माझं जमत नाही. ऐकणाऱ्याचा अनुभव खोटा असतोच असं नाही. खोटं असतं ते कारण. आणि अनुभव खरा की मनाचा खेळ, हे बघायचा रस्ता आहे ना! डोळ्यांवर पट्टी, दोन केबल, वीस वेळा अदलाबदल. पण त्या रस्त्याने जायला फारसं कोणी तयार नसतं. २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलवरून जेम्स रँडीने आव्हान दिलं होतं: न बघता फरक ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. बरीच वादावादी झाली, पण ती चाचणी शेवटपर्यंत झालीच नाही. आणि २०२२ चा किस्सा तर अजून ताजा आहे. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड्स लोक शुद्ध अॅनालॉग म्हणून घेत होते. त्यातल्या कित्येकांच्या निर्मितीत मध्ये एक डिजिटल पायरी होती, हे त्या वर्षी बाहेर आलं. तोवर वर्षानुवर्षं भल्याभल्या कानांनी त्या रेकॉर्ड्स वाखाणल्या होत्या. म्हणजे रेकॉर्ड्स उत्तमच होत्या. फक्त त्या उत्तम का आहेत याचं कारण भलतंच होतं.

असो. आता माझ्या दुरुस्तीची कथा, कारण त्यात माझी दुसरी लाज आहे.

पुढच्या शनिवारी टर्नटेबल चादरीत गुंडाळून रिक्षाने बुधवार पेठेत नेलं. पासोड्या विठोबाच्या जवळ, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गर्दीत, एका बोळात एक काका बसतात. साठीचे असतील. टेबल बाय टेबल एवढीच जागा. त्यांनी आधी हेडशेल काढून बाजूला ठेवला. ("कार्ट्रिजमधून मीटरचा करंट कशाला घालवायचा?") मग मल्टिमीटरची एक टोकणी प्लगला, दुसरी टोनआर्मच्या पिनला, आणि केबल बोटांनी दाबत दाबत हळूहळू पुढे. प्लगपासून चार बोटांवर मीटरची शिट्टी बंद. तिथे ब्लेडने रबर चिरलं. आतली जाळी हिरवी पडली होती आणि हात लावताच भुगा झाला. "तुकडा कापून नवा प्लग लावला तरी चालेल, पण पुढेही हिरवीच निघणार. सगळी बदला," ते म्हणाले. कोणती लावू विचारलं. "व्हिडिओची बारीक कोअॅक्स घ्या. कपॅसिटी कमी असते. आणि लांब ठेवू नका उगाच."

कपॅसिटी कमी असते! जी गोष्ट मला एसी शोरूममध्ये वीस मिनिटांत कळली नाही, ती या माणसाने न विचारता एका वाक्यात सांगितली. मग मी किती झाले विचारलं. तपासणीचे शंभर, असं ते म्हणाले.

आणि मी म्हणालो, "पन्नास करा ना काका."

खरंच म्हणालो. अठरा हजारांना "विचार करून कळवतो" म्हणणारा मी, शंभर रुपयांवर घासाघीस केली. काकांनी काही न बोलता पन्नास घेतले. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. नंतर जाऊन उरलेले दिले, पण त्याने काय होतंय?

घरी येऊन काम केलं ते सांगतो. नव्वद सेंटिमीटर कोअॅक्स दोन, बरे प्लग, हीट श्रिंक, सगळं मिळून दोनशे दहा रुपये. टर्नटेबलची पिन काढली, वरची जड थाळी उचलून ठेवली, टोनआर्म बांधला, उशीवर उलटं केलं आणि तळ उघडला. आत पाच कानांची छोटी पट्टी. लाल आणि हिरवी उजव्या चॅनेलची, पांढरी आणि निळी डाव्याची, काळी अर्थची. पट्टीच्या एका बाजूला केबल, दुसऱ्या बाजूला टोनआर्ममधून आलेल्या केसाएवढ्या तारा. सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकवली तर त्या तारा सुटणार, म्हणून आधी प्रत्येक टोकाला सोल्डर चढवून घ्यायचं आणि मग दोन सेकंदांत चिकटवून बाजूला व्हायचं. पहिला जॉइंट झकास झाला. मग लक्षात आलं की हीट श्रिंक आधी ओवायचं राहिलंय. (हे प्रत्येकाचं एकदा होतं म्हणे.) परत काढलं, परत लावलं. केबल बाहेर पडते तिथे गाठ मारून रबराच्या बुचातून काढली, म्हणजे ओढ बसली तरी जॉइंटवर येणार नाही. तीन तास लागले. काकांना वीस मिनिटं लागली असती.

मीटर लावला. केबलचे ६२ पिकोफॅरड. टोनआर्म आणि प्रीअॅम्प धरून १८२. मर्यादेच्या आत. रेझोनन्स १६ किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे.

सेकंड इयरला ब्रिज वापरून कॅपॅसिटन्स मोजायचं एक प्रॅक्टिकल होतं. माझ्या जर्नलमधली रीडिंग्ज अतिशय अचूक होती, कारण ती रूममेटच्या जर्नलमधून उतरवली होती. म्हणजे डिग्री मिळाल्यावर पाचसहा वर्षांनी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गरजेसाठी पिकोफॅरड मोजला. शोरूममध्ये माझी मान का डोलली, याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. ज्याने स्वतः कधी मोजलंच नाही, तो आकडा मागणार तरी कसा?

आता आक्षेप. पहिला: ज्याचे पैसे तो उडवेल, तुझं काय जातं? माझं एक जातं. अठरा हजारांच्या त्या किमतीत ज्ञान किती आणि कथा किती, हे बघा. ज्ञान बुधवार पेठेत शंभर रुपयांना मिळत होतं आणि त्यावरही आपण घासाघीस करतो. कथेवर कोणी करत नाही. हे असंच चाललं तर काकांचा मुलगा त्या टेबलावर बसणार नाही, आणि का बसावं त्याने? मग उरेल फक्त सोफा.

दुसरा, हा ऑफिसातला लाडका: तुझ्या तीन तासांची किंमत काढ. कंपनी क्लायंटला माझ्या तासाचे जे डॉलर लावते त्या हिशेबाने ही केबल मला दहाबारा हजारांना पडली म्हणे. अरे बाबांनो, रविवारी दुपारी माझे तास कोण विकत घेत होतं? त्या तीन तासांत मी रील बघितल्या असत्या. त्याचं बिल कधी कुणी काढलं नाही ते!

तिसरा: एवढं करण्यापेक्षा नवीन ब्लूटूथवालं घ्यायचं. घ्या की. पण त्याचीही एक दिवस एखादी दोनशे रुपयांची वायर तुटेल, आणि तेव्हा तुम्ही पुन्हा त्याच सोफ्यावर बसलेले असाल.

महाग वस्तू वाईट असते असं माझं म्हणणं नाही. चांगला प्लग, दाट जाळी, वर्षानुवर्षं टिकणारं रबर, याला पैसे पडतात आणि द्यावेत. माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा मागा. टर्नटेबलची केबल घ्यायला गेलात तर एकच प्रश्न विचारा: "मीटरला किती पिकोफॅरड?" उत्तर आलं तर तो दुकानदार मित्र समजा. "सर, हे आकड्यांत नाही कळत, ऐकायला लागतं" असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. विशेषतः तुमच्या भिंतीवर इंजिनियरिंगचं सर्टिफिकेट टांगलेलं असेल तर. आणि हे फक्त केबलचं नाही. वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, सगळीकडे आपण हेच करतो. शिकलेलं विसरून गिऱ्हाईक होतो.

रविवारी संध्याकाळी तीच एलपी परत लावली. आजी खुर्ची ओढून मध्ये बसली. आलापी संपून ठेका सुरू झाला तशी तिने उजवीकडे बोट केलं आणि म्हणाली, "आला बघ."

मग विचारलं, "किती लागले?"

"दोनशे दहा," म्हटलं. "आणि शंभर त्या काकांचे."

"शंभरच?" आजी म्हणाली. "एवढं शोधून दिलं त्यांनी, आणि शंभरच दिलेस?"